खळ्यावरचे बूट

हॉलमधल्या फरश्या उखडायला मी सुरुवात केली तेव्हा वैष्णवीची आई माहेरी गेली होती. असली कामं बायको घरात असताना होत नाहीत. ती परत आली तेव्हा सोफा पोर्चमध्ये होता, टीव्ही माझ्या आईच्या खोलीत होता आणि बावीस बाय बाराच्या हॉलमध्ये मी मुरुमात उकिडवा बसलो होतो. ती दारातच थांबली.

"वास्तुशांतीला अडीचशे माणसं जेवली होती या घरात," ती म्हणाली. "आता काय, पेरणी करताय?"

"पेरणी नाही. वैष्णवीसाठी ग्रीन करतोय. सरावाला."

"बरं," ती म्हणाली आणि बॅग घेऊन मागच्या दाराने आत गेली. आमच्या घरातल्या बायका "बरं" म्हणतात तेव्हा काहीही बरं नसतं, हे मला वीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

वैष्णवी आमची एकुलती एक. वय सतरा, खेळ गोल्फ. धायरीत हे सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या गाडीकडे, आणि म्हणतात, "जमिनीचा पैसा आला की असंच होतं." पैशाचा काही संबंध नाही. तिच्या शाळेत एकदा अल्ताफ सर प्लास्टिकच्या काठ्या आणि चेंडू घेऊन आले होते. चाळीस पोरांनी टोले मारले, त्यात एकीचा चेंडू भिंत ओलांडून पलीकडच्या रसवंतीत पडला. ती आमची. अल्ताफ सर येरवड्याचे, लहानपणी तिथल्या मैदानावर मोठ्या लोकांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकलेले. घरी येऊन ते म्हणाले, "संपतराव, पोरीच्या हातात काहीतरी आहे. वाया घालवू नका." हातातलं वाया कसं जातं याचा मला तेव्हा नुकताच अनुभव आलेला होता. मी लगेच हो म्हणालो.

बिल्डरला जमीन देऊन आता सहा वर्षं झाली. साडेतीन एकर होती. तिथे चार इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या कोपऱ्यात तीन गुंठ्यांवर आमचा बंगला. त्यात मी, बायको, पोरगी आणि माझी आई तुळजाबाई. खायला-प्यायला कमी नाही, पण मला बसवत नाही. जेवताना मी दोनदा उठतो. पेपर हातात घेतला की तो संपायच्या आत गेटपर्यंत जाऊन येतो. पहाटे पाचला जाग येते आणि करायला काही नसतं. मग गाडीची किल्ली उचलायची आणि मार्केट यार्ड गाठायचं. आयुष्यभर तिथे कोथिंबीर आणि कांदा घेऊन गेलो. आता हात हलवत जायचो, भाव विचारायचो, परत यायचो. मच्छिंद्र हमाल लांबूनच ओरडायचा, "संपतशेठ, आज काय आणलंय?" मी म्हणायचो, "मलाच आणलंय. काय भाव देतोस?" पहिल्या वर्षी आम्ही दोघंही हसायचो. नंतर नंतर एकटा तोच हसायचा.

तर नोव्हेंबरात राज्याच्या ज्युनिअर मुलींच्या संघाची निवड चाचणी होती. दोन दिवसांचा खेळ, आणि घेणार फक्त चौघींना. जानेवारीत वैष्णवीला अठरा पूर्ण होणार, म्हणजे ज्युनिअरमधली ही शेवटचीच संधी. लांबचे टोले तिचे झकास. घोडं अडायचं ते पटला. चेंडू भोकाजवळ पोचला की बारीक कापलेल्या हिरवळीवरून, ग्रीनवरून, त्याला हलकेच ढकलून भोकात घालायचं, त्याला म्हणतात पट. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? मागच्या वर्षी त्यातच ती फसली. तीन-तीन फुटांवरून हुकली आणि नवव्या नंबरावर राहिली. येरवड्यापासून धायरीपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. मी मात्र सबंध रस्ता बोलत होतो, आणि मला वाटतं तिला हरण्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला.

यंदा ऐन ऑगस्टमध्ये मैदानावरचं सरावाचं ग्रीन नवीन गवत लावायला तीन महिने बंद झालं. अल्ताफ सर म्हणाले, "पट घरी कर. चटई टाक आणि रोज दोनशे मार." कृत्रिम गवताची चटई आणली, हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर टाकली. चेंडू असा पळायचा की जणू मागे कुत्रं लागलंय. मी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी पहार आणली.

फरशीखाली सिमेंट निघालं, सिमेंटखाली मुरूम, आणि मुरूम उपसल्यावर काळी माती लागली. माझीच. मूठभर हातात घेतली आणि मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आई काठी टेकत आली. गुडघे गेलेत तिचे, पण डोळे शाबूत आहेत. खड्ड्यात डोकावून म्हणाली, "आंब्याच्या अंगाला खळं हुतं आपलं. हितंच की रं."

मळणीयंत्र आलं आणि खळं गेलं, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. पण ती बोलली आणि सगळं आठवलं. गोल जमीन चोपून केलेली, शेणाने सारवलेली, मधोमध तिवडा रोवलेला, म्हणजे तो खांब, आणि त्याच्याभोवती कणसांवरून फिरणारे बैल. खळ्यावर धान्य उतरतं म्हणून माझा बाप तिथे पाय ठेवण्याआधी वाकून मातीला हात लावायचा. मी एकदा चपला घालून पळत गेलो होतो. त्याने तीच चप्पल काढून मला बडवलं होतं.

मग मी ते ग्रीन खळ्यासारखं केलं. दुसरं काही मला येतच नव्हतं. माती दोनदा चाळली, पाणी शिंपडलं, चोपण्याने चोपली, वाळू दिली, पुन्हा पाणी मारलं, पुन्हा चोपली. आई खुर्चीत बसून हुकूम सोडायची, "त्या अंगाला फुगलंय, दाब." अल्ताफ सरांनी फोनवर सांगितलं होतं की एका बाजूला बारीक ढाळ हवा, खऱ्या ग्रीनवर सपाट काही नसतं. तो ढाळ मी पाण्याच्या नळीने मोजून दिला, पण मोजायची गरज नव्हती. पाणी कुठून कुठे जाईल हे मला डोळे मिटून कळतं. वरून शेणाचं सारवण, ते वाळल्यावर चटई ताणून बसवली. भोकासाठी चार इंची पाइपाचा तुकडा गरम करून जरासा फाकवला आणि मातीत पुरला. आई बराच वेळ बघत होती. म्हणाली, "तिवड्याच्या जागी भोक पाडलंस. चांगलंय."

पहिला चेंडू मीच हाताने सोडला. तो शांतपणे गेला, शेवटी अंगठाभर डावीकडे वळला आणि पाइपात पडला. त्या आवाजाने मला जे वाटलं ते मला सहा वर्षांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी वैष्णवी क्लासवरून आली. खेळायचे पांढरे बूट हातात घेऊन हॉलच्या कडेशी उभी राहिली आणि बघतच राहिली. "पप्पा, कसलं भारी केलंय!" मग बूट घालायला वाकली.

"ते बाहेर," मी म्हणालो. "पायताण घालून चढायचं नाही. खळं आहे ते."

तिने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन्ही हात माझे अजून मातीने भरलेले होते. "बरं," ती म्हणाली आणि बूट बाहेरच्या रॅकवर ठेवून आली.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवांत. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला तिचा सराव. मी कडेला पाट टाकून बसायचो, चेंडू गोळा करून द्यायचो, मोजायचो. ती कॉलेजात गेली की चटई झाडायची, कुठे हात लावून बघायचं, एखादी कड उचलून खालची माती दाबून घ्यायची. वायरमन बूट घालून आत आला तर मी असा ओरडलो की तो पंखा न बघताच गेला. जेवताना उठणं बंद झालं, ते बायकोच्या लक्षात आलं. "सोफा पोर्चमध्ये भिजतोय," ती म्हणाली, "पण नवरा तरी जागेवर आहे." मार्केट यार्डातून मच्छिंद्रचा फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

वैष्णवी अनवाणी उभी राहायची, दोन्ही पाय जमिनीत रोवून, आणि विसातले अठरा चेंडू आत. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून अल्ताफ सरांना पाठवायचो. चेंडूचा आणि भोकाचा. बाकी काय बघायचंय? सर अंगठा पाठवायचे. रविवारी ती एका मैत्रिणीच्या गाडीतून येरवड्याला जाऊन पूर्ण खेळ खेळून यायची. पट कसे पडले विचारलं की म्हणायची, "ठीक." मला वाटायचं, पोरगी नम्र आहे.

चाचणीचा पहिला दिवस उजाडला. दोरीच्या अलीकडे आम्हा आईबापांना उभं राहायला जागा. मी काही उभा राहिलो नाही, तिच्या बरोबरीने दोरीकडेने चालत राहिलो. पहिला पट, साडेतीन फूट. घरी हा ती गप्पा मारता मारता घालते. चेंडू भोकाच्या उजव्या काठाला शिवून पुढे गेला. मी म्हटलं, होतं असं. चौथ्या भोकाला पुन्हा उजवीकडून. सातव्याला पुन्हा. संपेपर्यंत असे पाच चेंडू हुकले, पाचही उजवीकडून. दिवसअखेर ती आठवी. अल्ताफ सर माझ्याजवळ आले, टोपी काढून डोकं खाजवलं. "घरी तर पडतात म्हणता?"

"विसातले अठरा," मी म्हणालो. "तुम्ही बघितलेत की व्हिडिओ."

"हां, चेंडू बघितला," ते म्हणाले आणि दुसऱ्या मुलीकडे गेले.

घरी आल्यावर माझा पाय एका जागी ठरेना. गेटपर्यंत गेलो, आलो. परत गेलो. वैष्णवीने बूट रॅकवर काढले, काठी घेतली आणि खळ्यावर जाऊन सराव सुरू केला. टक, आत. टक, आत. सलग अकरा चेंडू आत. मला राग आला. कुणाचा, ते कळेना. चेंडूचाच आला असेल. इथे पडतोस, मग तिथे काय झालं होतं तुला? मी तिच्या हातांकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं. मग पायांकडे. उघडे पाय, नखांना फिकट रंग. दिवसभर दोरीपलीकडून मी जे पाय बघत होतो ते पांढरे होते.

मी बाहेर जाऊन रॅकवरचा एक बूट उचलला. त्याचा तळ बोटभर जाड, आणि खाली गवतात रुतायला प्लास्टिकचे बारीक दात.

"वैष्णवी, इकडे ये. हे घाल आणि चौकटीला टेकून उभी राहा."

दाराच्या चौकटीवर दर दसऱ्याला मी तिच्या उंचीची रेघ मारतो. या दसऱ्याची रेघ ताजी होती. बूट घातल्यावर तिचं डोकं त्या रेघेच्या इंचभर वर गेलं. मी तिथे नवी रेघ मारली आणि दोन्हींकडे बघत राहिलो. काठी तीच, पोरगी इंचभर उंच. हात वर गेले, काठीच्या पात्याची पायाकडची बाजू उचलली गेली, तोंड फिरलं, चेंडू उजवीकडे. आणि दोन महिने ज्या तळपायांनी तिने ढाळ ओळखायला शिकून घेतलं, ते तळपाय मैदानावर बुटात कोंडलेले. एवढं साधं. गोल्फ खेळणाऱ्या दुनियेत कुणाच्या घरी ही चूक झाली नसती, कारण दुनिया घरात बूट घालून फिरते.

"मी केलं हे," मी म्हणालो. "तुला आठव्या नंबरावर मी आणलं."

"पप्पा, असू दे."

"असू दे काय? माझ्या लक्षात यायला हवं होतं. निदान अल्ताफ सरांच्या तरी."

"सरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. बूट घालूनच करतेस ना, म्हणून. मी हो म्हटलं."

मला आधी अर्थच लागेना. "म्हणजे तुला माहीत होतं?"

ती खाली बघून बुटाची नाडी ओढत बसली. "रविवारी जाणवायचं ना. तिथे गेलं की सगळं बिघडायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही सहा वर्षांत पहिल्यांदा एका जागी बसला होतात." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "मला वाटायचं, तुम्ही बाहेर गेलात की घालून करेन. रोज वाट बघायचे मी. मार्केट यार्डला जाल, निदान केस कापायला तरी जाल. पण तुम्ही गेलाच नाहीत, पप्पा. दोन महिन्यांत एकदाही किल्ली उचलली नाहीत."

स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी देऊन थांबला. वैष्णवीची आई दारात येऊन उभी होती. मला तोंड कुठे लपवावं ते समजेना. ज्या पोरीसाठी मी घर खणलं, ती पोरगी दोन महिने मलाच सांभाळत होती.

"जा, चढ त्याच्यावर," मी म्हणालो. "बूट घालून."

"नको पप्पा. तुम्हाला नाही बघवणार."

तेव्हा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. टीव्ही तिने बंद केला होता म्हणजे सगळं ऐकत होती. "संपत, खळ्यावर बैलं फिरायची ती अनवाणी फिरायची व्हय रं? नाल असायची की त्यांच्या पायात. लोखंडाची." मग म्हणाली, "तुझ्या बापानं बैलाला कधी मारलं न्हाई त्यापायी. जो राबतो त्याला मुभा हाय. तू नुसता हुंदडायला चढला हुतास, म्हणून तुला पडली."

मी रॅकवरचं फडकं घेतलं, खाली बसलो आणि तिच्या बुटांचे तळ पुसले, एकेक दात. मग तिला म्हटलं, "चल."

ती चढली. प्रत्येक पावलाला दातांचे ठसे चटईवर उमटले. मी तोंड सरळ ठेवत होतो, पण ते राहिलं नसणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि चेंडू दोन हात लांब गेला.

"तू भाईर जा," आई आतून म्हणाली, जशी काही भिंतीतून बघत होती.

मी किल्ली घेतली आणि बाहेर गाडीत जाऊन बसलो. गाडी सुरू केली नाही. काच खाली होती. खिडकीतून टक ऐकू यायचं, आणि मग कधी पाइपात पडल्याचा आवाज यायचा, कधी नाही. तासाभराने यायचा तो जास्त वेळा येऊ लागला. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

एका संध्याकाळीत दोन महिने पुसता येत नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी ती असं खेळली की अल्ताफ सर दोरीकडेने माझ्यासारखेच चालायला लागले. पट पडत होते. सगळे नाही, पण पडत होते. बाराव्या भोकाला एक उजवीकडून गेला, साडेतीन फुटांवरून. तेवढाच. संपल्यावर फळ्यावर नावं लागली. वैष्णवी पाचवी. या खेळात ज्याचे टोले कमी तो पुढे, आणि तिचा चौथीपेक्षा एक टोला जास्त.

मी फळ्यासमोर उभा राहून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. हा एक टोला तिचा नव्हता, माझा होता, आणि हे मला आयुष्यभर माहीत राहणार. अल्ताफ सर तिला म्हणाले, "फेब्रुवारीत महिलांच्या खुल्या गटाची चाचणी आहे. तिथे वयाची अट नाही. पण अवघड असते." ती "बरं" म्हणाली. या वेळी मी नीट ऐकलं.

गाडीत मी धायरीपर्यंत एक शब्द बोललो नाही. मधे एकदा तिनेच विचारलं, "पप्पा, बरे आहात ना?"

घरी पोचल्यावर ती सवयीने दाराशी वाकली आणि नाडी सोडायला लागली.

"राहू दे," मी म्हणालो. "तशीच जा आत."

ती तशीच वाकलेली राहिली. तिचे खांदे हलत होते. दिवसभर न रडलेली पोरगी तिथे, पोर्चमधल्या भिजक्या सोफ्यापाशी रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरं काही सुचेना म्हणून ठेवूनच उभा राहिलो. मग तिने नाक पुसलं, नाडी पुन्हा बांधली आणि आत गेली. हॉलच्या कडेशी क्षणभर थांबली, वाकून चटईला हात लावला आणि बुटांसकट खळ्यावर चढली.

मी खुंटीवरची किल्ली काढली.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"मार्केट यार्डला."

"आत्ता? साडेसात वाजलेत. यार्ड बंद असेल."

"बघून येतो ना," मी म्हणालो, "खरंच बंद आहे का."